जेडला तहान कमी, उजेडाची भूक मोठी

गुबगुबीत, नाण्यासारख्या गोल पानांचे जेडचे रोप नर्सरीतून घरी येते तेव्हा सारेच खूश असतात. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी त्याची स्थापना होते. सकाळी तुळशीला पाणी घालताना एक तांब्या याच्याही कुंडीत रिकामा होतो. महिन्याभरात दोन-चार पाने गळतात. ‘तहानले असेल बिचारे’ म्हणून पाणी वाढते. पाने आणखी गळतात. मग एके दिवशी फडके मारण्यासाठी कुंडी सरकवावी, तो रोप बुंध्यापाशी मऊ होऊन आडवे झालेले दिसते. “माझ्या हाताला झाड लागतच नाही,” असे म्हणत गृहिणी त्या रिकाम्या कुंडीत प्लॅस्टिकची फुले खोचते.

खरे तर तिच्या हाताला काहीही झालेले नसते. तुळस, मोगरा, जास्वंद ज्या नियमाने वाढतात तोच नियम तिने या पाहुण्याला लावला आणि तोच त्याच्या जिवावर बेतला. जेड, कोरफड, पानफुटी, सॅन्सेव्हिरिया, हॉवर्थिया ही सारी मांसल पानांची मंडळी. ‘सक्युलंट’ हा त्यांचा इंग्रजी शब्द आता मराठी घरांतही रुळला आहे. घरात ठेवलेली ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. मरतात ती पाण्याने, आणि त्या पाण्याला साथ असते अंधाराची. या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे एकदा ध्यानात आले की बाकीची निगा फारशी अवघड नाही.

जेड कोणते, हे आधी पाहा

आपल्याकडच्या नर्सरीत ‘जेड’ या एकाच नावाने दोन वेगळी झाडे विकली जातात. खरे जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. त्याची पाने जाड, चकचकीत, अंगठ्याच्या पेराएवढी किंवा त्याहून मोठी असतात आणि खोड जाडजूड, राखाडी-हिरवट असते. दुसरे झाड पोर्च्युलाकेरिया आफ्रा. त्याची पाने नखाएवढी, फांद्या बारीक आणि तांबूस. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण कुळे अगदी निराळी. दुसऱ्याच्या पाल्यावर तिकडचे हत्ती ताव मारतात, म्हणून त्याला हत्तीचे झुडूप असेही म्हणतात. बोन्साय म्हणून उथळ ताटलीत लावलेले जे ‘जेड’ आपल्याकडे भेट दिले जाते ते बहुधा हेच असते.

दोघांची निगा जवळजवळ सारखी. पोर्च्युलाकेरियाला ऊन आणि पाणी थोडे जास्त चालते, एवढेच. पण घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. क्रॅसुला या प्राण्यांना बाधते. पाने खाल्ल्यास उलट्या होतात, जनावर मलूल होते, चालताना त्याचा तोल जातो. त्यामुळे ते प्राण्यांच्या टप्प्याबाहेर ठेवावे, आणि खाल्लेच तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्याला गाठावे. पोर्च्युलाकेरिया या बाबतीत निरुपद्रवी आहे.

आपल्या मूळ मुलखात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताल या भागांतल्या खडकाळ उतारांवर, क्रॅसुलाचे झुडूप पुरुषभर उंच होते. तिथे पाऊस पडतो तो दगडधोंड्यांतून भराभर निचरून जातो आणि मग कितीतरी दिवस कोरडे ऊन. मिळेल तेव्हा पाणी पानांत भरून ठेवायचे आणि पुरवून पुरवून वापरायचे, ही सवय त्याला तिथे लागली. आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही ते ही सवय सोडत नाही.

सकाळी आंबट, दुपारी बेचव

या काटकसरीचे गुपित उकलण्याचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात काम केलेला बेंजामिन हाइन हा निसर्गाभ्यासक पानफुटीचे पान निरनिराळ्या वेळी चाखून पाहत असे. १८१३ सालच्या एका पत्रात त्याने आपला अनुभव कळवला. हे पान सकाळी चुक्याच्या भाजीसारखे आंबट लागते, दुपारी त्याला चव उरत नाही आणि संध्याकाळकडे ते किंचित कडवट होते. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ मध्ये ते छापून आले. पानाच्या कडेला रोपे फुटतात म्हणून शाळेच्या विज्ञानात आपण जी पानफुटी शिकतो, तिचीच ही गोष्ट. जेड तिच्याच कुळातले. (चव घेण्याचा हा प्रयोग घरी करू नये. हाइनसाहेबांनी तो एकदा केला तेवढा पुरे.)

हे का होते, ते पुढे उलगडले. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. छिद्रे उघडली की आतली वाफही बाहेर जाते. आपल्या मोगऱ्याला दर दिवशी पाणी लागते ते यामुळे. जेडचे वेळापत्रक उलटे आहे. ते दिवसा दारे लावून घेते आणि रात्री, हवा थंड झाल्यावर, उघडते. रात्री आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठतो. सफरचंदाला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. सकाळ झाली की दारे बंद, आणि साठवलेल्या आम्लातून वायू सुटा करून उन्हाच्या मदतीने अन्न तयार करण्याचे काम सुरू. दुपारपर्यंत आम्ल संपते, म्हणून चव जाते. जेडच्या क्रॅसुलेसी या कुळाचेच नाव शास्त्रज्ञांनी या साऱ्या प्रक्रियेला दिले आहे.

आता घरातल्या कुंडीकडे पाहू. या झाडातून पाणी मुळातच कमी उडते. त्यात ते खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि पाण्याची गरज आणखी घटते. कुंडीतली माती दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस ओली राहते. ओल्या मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. ती गुदमरतात, बुरशी लागते, कुजणे बुंध्यापर्यंत चढते. तोच तांब्याभर पाणी उन्हातल्या खिडकीत चार-पाच दिवसांत सुकून गेले असते. म्हणून ‘जेडला पाणी किती घालावे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘ते कुठे ठेवले आहे?’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. ही झाडे रात्री प्राणवायू सोडतात, म्हणून ती उशाशी ठेवावीत, असे विकणारे हमखास सांगतात. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेतात एवढे खरे, पण प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो. हवा शुद्ध करण्याच्या दाव्यामागे अमेरिकेच्या ‘नासा’ने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असतो, पण तो बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. खिडक्यांतून हवा जशी खेळते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यात निघाले. जेड सुंदर दिसते म्हणून ठेवावे. तेवढे कारण पुरेसे आहे.

पाण्याचा वार ठरवू नका

‘दर रविवारी पाणी’ हा नियम लक्षात ठेवायला सोपा, पण झाडाला तो कळत नाही. पाणी घालायचे ते माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच. वरचा थर तर दोन दिवसांत सुकतो, त्याच्यावर जाऊ नये. आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा विणकामाची लाकडी सुई कुंडीच्या कडेने खोल खुपसावी, दहा मिनिटांनी काढून पाहावी. काडी ओलसर किंवा मातीने बरबटलेली निघाली तर थांबावे. कोरडी निघाली तर पाणी द्यावे. काही दिवस असे केले की नुसती कुंडी उचलून वजनावरूनही अंदाज येऊ लागतो, भाजीवालीच्या हाताला पाव किलो कळतो तसा.

द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. रोज चमचा-चमचा पाणी शिंपडण्याने वरची माती कायम ओली आणि खालची मुळे उपाशी, असा प्रकार होतो. खालच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. नंतर पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत त्याकडे पाहू नये. मातीच्या कुंडीत, उजेडाच्या खिडकीत हिवाळ्यात हे चक्र साधारण दहा ते पंधरा दिवसांचे होते. प्लॅस्टिकच्या कुंडीत त्याहून लांबते. पानांवर फवारा मारण्याची गरज नाही.

फसवणारी सुरकुती

बहुतेक रोपे दगावतात ती याच जागी. जेडचे पान सुरकुतले, लिबलिबीत झाले की ते तहानले असे वाटते. पुष्कळदा ते खरेही असते. पण मुळे कुजली की झाडाला पाणी पिताच येत नाही, आणि भिजलेल्या मातीत उभे राहूनही पाने तशीच सुरकुततात. मग दया येऊन आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात.

दोन्हींतला फरक कुंडीतच सापडतो. माती कोरडी, कुंडी हलकी, पाने पातळ आणि सुरकुतलेली पण देठाशी घट्ट, तर ती तहान आहे. भरपूर पाणी दिले की दोन-तीन दिवसांत पाने टरारतात. माती ओली, पाने पिवळसर, पाणी भरल्यासारखी पारदर्शक आणि हात लागताच गळणारी, बुंधा दाबला तर मऊ, तर ते कुजणे आहे. अशा वेळी पाणी हे विष.

बुंधा अजून टणक असेल तर रोप कुंडीतून काढावे, ओली माती झाडावी, काळी पडलेली मऊ मुळे कापून टाकावीत आणि चार-पाच दिवस सावलीत, हवेशीर जागी वर्तमानपत्रावर तसेच पडू द्यावे. मग कोरड्या मातीत लावावे आणि आठवडाभर पाणी देऊ नये. बुंधा मऊ झाला असेल तर मूळ झाड वाचत नाही, पण वरच्या फांद्या वाचतात. स्वच्छ धारदार सुरीने कुजलेल्या भागाच्या बरेच वर कापावे आणि कापलेला गोल नीट पाहावा. त्यात तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले तर आणखी वर कापावे. आतून स्वच्छ हिरवट-पांढरा भाग लागेपर्यंत थांबू नये. झाड अर्धे झाले म्हणून जीव हळहळतो, पण एक तपकिरी ठिपका राहिला तर चार दिवसांनी तीही फांदी जाते.

खिडकीपासून किती हात?

खोलीतला उजेड ओळखण्यात आपले डोळे फार कच्चे. अंधाराला ते चटकन सरावतात, त्यामुळे दिवाणखान्याचा कोपराही आपल्याला ‘चांगला उजेडाचा’ वाटतो. आकडे पाहिले तर डोळे उघडतात. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशे. काळपट काच, डासांची जाळी, जाड पडदा, समोरची इमारत, हे सगळे आपापला वाटा कापून घेतात.

साधी परीक्षा अशी. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटे वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर जागा उत्तम. पुसट पण ओळखू येणारी पडली तर सॅन्सेव्हिरिया किंवा हॉवर्थिया तिथे निभावून नेतील, जेड कुरकुर करेल. सावली पडलीच नाही तर तिथे चित्राची फ्रेम लावावी.

पूर्व, दक्षिण किंवा पश्चिमेची खिडकी आणि काचेला लागून असलेला कट्टा ही जेडची खरी जागा. रोज निदान तीन-चार तास ऊन अंगावर आले तर पाने दाट येतात, त्यांच्या कडा लालसर होतात. ही लाली आजार नव्हे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली कलतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते. तीच खिडकी मे महिन्यात जवळजवळ सावलीत जाते. ऋतू बदलला की कुंडीची जागाही हातभर बदलावी.

उजेड अपुरा पडला की जेड बोलून दाखवते. फांद्या लांबट, फिकट होतात, दोन पानांच्या जोड्यांमधले अंतर वाढते, सारे झाड खिडकीकडे झुकते. एकदा असे लांबलेले पेर परत आखूड होत नाही. छाटावेच लागते. छाटलेल्या जागेखालून बहुधा दोन फुटवे येतात आणि झाड उलट डेरेदार होते. म्हणून एका बाजूने वाढू नये यासाठी कुंडी आठवड्यातून एकदा पाव वळण फिरवावी. अंधारातले झाड एकदम गॅलरीतल्या कडक उन्हात मात्र नेऊ नये. पाने भाजून तपकिरी चट्टे पडतात आणि ते पान गळेपर्यंत जात नाहीत. दहा-पंधरा दिवसांत थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे.

ज्यांच्या घराला खिडक्याच उत्तरेच्या किंवा डक्टकडच्या आहेत, त्यांनी पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा झाडापासून फूटभर उंचीवर रोज दहा-बारा तास लावावा. हे न जमणारे असेल तर जेडचा हट्ट न धरलेला बरा.

फेंगशुईची लाट आल्यापासून जेडला ‘पैशाचे झाड’ म्हणून घराच्या आग्नेय कोपऱ्यात बसवण्याची पद्धत पडली आहे. त्या कोपऱ्यात खिडकी असेल तर काहीच हरकत नाही.

लाल माती, रंगीत खडे आणि बिनभोकाची कुंडी

नर्सरीतून आलेले रोप पुष्कळदा चिकट लाल मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये असते. विक्रेत्याच्या दृष्टीने ते सोयीचे, कारण तिथे रोप उघड्यावर, वाऱ्यावर असते. घरात मात्र दोन्ही फार दिवस ओली राहतात, आणि लाल माती सुकली की विटेसारखी घट्ट होते. आठवडाभराने रोप नव्या मातीत हलवावे. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटेचे वाटाण्याएवढे तुकडे आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण स्वस्तात मस्त. पर्लाइट मिळाल्यास विटेऐवजी तेही चालते. वाळू समुद्राची घेऊ नये, तिच्यातले मीठ मुळांना मारते. मिश्रण मुठीत ओले करून दाबले आणि मूठ उघडताच विस्कटले तर जमले म्हणावे.

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा होतो, असे आपण आजीपासून ऐकत आलो. हा सल्ला मात्र मोडायला हवा. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती गच्च भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते. म्हणजे खड्यांनी कुंडीची उंची तेवढी कमी होते आणि ओलावा मुळांच्या आणखी जवळ येतो. खडे घालायचेच तर मातीत सगळीकडे मिसळावेत. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवला की काम झाले.

भोक मात्र हवेच. भेट म्हणून येणाऱ्या चिनी मातीच्या सुबक कपात, काचेच्या वाडग्यात ते नसते. अशा वेळी रोप छोट्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती कुंडी कपात ठेवावी आणि पाणी देताना बाहेर काढावी. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन बोटेच मोठी घ्यावी. ‘पुढे वाढेल’ म्हणून मुलांचे कपडे मोठे घेतात तशी मोठी कुंडी घेतली तर जादा मातीतले पाणी प्यायला मुळेच नसतात.

विकत घेताना आणखी एक पाहावे. वरचे रंगीत खडे बोटाने हलतात का? पुष्कळदा ते डिंकाने चिकटवलेले असतात, पाणी वरून वाहून जाते आणि माती दिसतही नाही. असा थर घरी आणताच फोडून काढावा. सक्युलंटवर चिकटवलेली कागदी फुले आणि निळा-गुलाबी रंग मारलेली पाने हाही त्याच दुकानदारीचा भाग आहे. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही.

मुंबईचा पावसाळा, दिल्लीचा हिवाळा

दमट किनाऱ्यावर, मुंबई-रत्नागिरीपासून कोचीपर्यंत, जून ते सप्टेंबर हा जेडचा कसोटीचा काळ. हवेतच इतका ओलावा असतो की कुंडी सुकायला तीन-तीन आठवडे लागतात, आणि आभाळामुळे उजेडही अर्धा होतो. या दिवसांत पाणी जवळजवळ बंद ठेवले तरी चालते. पाने थोडी मऊ पडली तरी घाबरू नये. कुंड्या एकमेकींना खेटून न ठेवता मध्ये वारा खेळू द्यावा, गॅलरीत असतील तर पागोळ्यांपासून आत घ्याव्यात. याच काळात नवी कुंडी, नवी छाटणी, खत, काहीही करू नये.

नागपूर, इंदूर, दिल्लीकडच्या उन्हाळ्यात प्रश्न वेगळा. पारा पंचेचाळिशीकडे गेला की जेड वाढ थांबवून गप्प बसते. दुपारच्या उन्हातून ते मागे घ्यावे, पाणी संध्याकाळी द्यावे. कूलरच्या थेट झोतासमोर ठेवू नये, त्या ओल्या वाऱ्यात माती सुकतच नाही. तिथल्याच हिवाळ्यात रात्री पारा पाचच्या खाली जाऊ लागला की गॅलरीतली कुंडी आत आणावी. हिमकणांनी पानांतले पाणी गोठते आणि पाने काळी पडून लोंबतात. पण ही झाडे उत्तरेत नांदत नाहीत असे मात्र नाही. चंदीगडशेजारच्या पंचकुला इथे १९८७ मध्ये सुरू झालेले निवडुंग आणि सक्युलंटचे राष्ट्रीय उद्यान त्याची साक्ष आहे. उंचवटे करून, भरपूर वाळू-खडी मिसळून केलेली लागवड तिथे पाहायला मिळते.

पुणे, बेंगळुरूसारख्या ठिकाणी ऑक्टोबर ते मार्च हा जेडचा सुखाचा काळ. खत द्यायचे ते याच दिवसांत, महिन्यातून एकदा आणि पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे. जुन्या, उन्हात वाढलेल्या झाडाला थंड रात्री मिळाल्या तर हिवाळ्यात पांढऱ्या-गुलाबी चांदण्यांसारखी फुले येतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्यांची वाट न पाहिलेली बरी.

किडींपैकी पिठ्या ढेकूण तेवढा जपायला हवा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, किंवा कुंडीवर मुंग्यांची रांग लागली, की समजावे. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक पुंजका पुसून काढावा. आधी एका पानावर करून पाहावे. आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा केल्याशिवाय तो जात नाही. पाने चमकावीत म्हणून तेल, दूध किंवा बाजारी पॉलिश लावू नये. धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसावी, पुसताना पानाखाली दुसरा हात धरावा.

झाड बरोबर नेता येते

जेड नीट राहिले तर काही दशके जगते, आणि इथेच त्याची खरी किंमत कळते. बँकेत, रेल्वेत, लष्करात नोकरी असलेल्या घरांना दर तीन-चार वर्षांनी गाव बदलावे लागते. कपाटे, पलंग ट्रकमध्ये जातात, कुंड्या मात्र शेजाऱ्यांना वाटल्या जातात. सामान नेणारे त्या घ्यायला बहुधा तयारच नसतात. आईने दिलेला मोगरा, सासूबाईंच्या हातची कृष्णकमळाची वेल अशी मागे राहते. जेडच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. माहेरच्या खिडकीतल्या झाडाची एक फांदी भोपाळहून गुवाहाटीला नेता येते, आणि वाढते ते तेच झाड, त्याची संतती नव्हे.

निघण्यापूर्वी चार-पाच दिवस आधी बोटभर ते वीतभर लांबीच्या दोन-तीन निरोगी फांद्या कापाव्यात. एकच नेऊ नये, प्रवासात एखादी दुखावते. खालची दोन-तीन पाने काढून त्या सावलीत पडू द्याव्यात. कापलेली जागा सुकून तिथे खपली धरते. या खपलीशिवाय ओल्या मातीत खोचलेली फांदी कुजते. मग प्रत्येक फांदी वर्तमानपत्रात सैल गुंडाळून कागदी खोक्यात किंवा स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित उघडे ठेवून, बरोबरच्या पिशवीत घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आतल्या घामाने ती सडते. पाणी नको, माती नको. नव्या घराचा ताबा मिळायला आठवडा गेला तरी फांदी थांबते. पानांतले पाणी तेवढे दिवस पुरते.

एखादे अख्खे पान गळाले असेल तर तेही टाकू नये. देठासकट निघालेले क्रॅसुलाचे पान कोरड्या मातीवर नुसते आडवे ठेवले की काही आठवड्यांत मुळे आणि मग चिमुकले रोप दिसते. त्याचे झाड व्हायला मात्र वर्ष-दोन वर्षे धीर धरावा लागतो. पोर्च्युलाकेरियाच्या बाबतीत पानाच्या नादी न लागता फांदीच लावावी.

नव्या गावी पोहोचल्यावर लहान, भोक असलेली कुंडी, वर सांगितलेली माती, आणि सामान लावण्याआधी घरातली सर्वांत उजेडाची खिडकी शोधावी. फांदी दोन बोटे खोल खोचावी, डुलत असेल तर बाजूला दोन दगड ठेवावेत. ती ओढून मुळे फुटली का हे रोज पाहण्याचा मोह आवरावा. महिन्याभराने हलक्या हाताने हलवून पाहिली आणि मातीने धरून ठेवल्यासारखी वाटली, की ती रुजली. लावल्याची तारीख कुंडीवर पेनने लिहून ठेवावी. पहिले पाणी त्यानंतर आठव्या दिवशी.